समुद्राला ताप किती दिवस? मालवणच्या प्रवाळांवरचं संकट आधी कळतं, मग घोडं अडतं कुठे?

कामरगाव हे वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं गाव. सोयाबीन, तूर आणि कापूस हे इथले जिव्हाळ्याचे विषय. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पोवळं म्हणजे काय असं इथे कुणाला विचारलंत, तर तो आपल्या बोटातली अंगठी दाखवेल. मंगळासाठी ज्योतिषी घालायला सांगतात तो लाल खडा.

त्यामुळे 15 एप्रिल 2024 रोजी अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र आणि हवामान संस्थेने जगातले प्रवाळ चौथ्यांदा एकाच वेळी पांढरे पडतायत असं जाहीर केलं, तेव्हा विदर्भात ती बातमी कुणी थांबून वाचली असण्याची शक्यता कमीच. पण ज्या मोजमापावरून ही घोषणा झाली, त्याच मोजमापावर कामरगावात पेरणीनंतर पाऊस दडी मारणार का, याचा अंदाजही बांधला जातो. ते मोजमाप म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान.

आणि प्रवाळ म्हटलं की ऑस्ट्रेलिया किंवा मालदीवच आठवायला हवं असंही नाही. आपल्या मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटबंदीला लागून असलेल्या उथळ पाण्यात जिवंत प्रवाळ आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्कुबा करून आलेल्या मित्राच्या रीलमध्ये माशांच्या मागे जे खडकासारखं दिसतं, त्यातला काही भाग खडक नसून प्राणी असतो.

पोवळं पांढरं का पडतं?

आधी एक घोळ मिटवून टाकू. अंगठीतलं लाल पोवळं आणि मालवणचे प्रवाळ हे एकमेकांचे लांबचे नातेवाईक. अंगठीतलं पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी, कमी उजेडात वाढतं. त्याचा लाल रंग त्याच्या सांगाड्यातच असतो. उथळ समुद्रात खडकासारखी वसाहत करणाऱ्या प्रवाळाचं तसं नाही. त्याचा सांगाडा पांढराशुभ्र, चुनखडीचा. वरची कातडी जवळपास पारदर्शक. मग रंग येतो कुठून? तर त्या कातडीत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळातून.

हे शेवाळ म्हणजे प्रवाळाच्या घरातला कमावता भाडेकरू. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतो आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतो. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा इथून येऊ शकते. बदल्यात शेवाळाला सुरक्षित जागा मिळते. कोट्यवधी वर्षं हा करार चालत आलाय.

पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं आणि वरून कडक ऊन असलं की शेवाळाची अन्न बनवण्याची यंत्रणा बिघडते. त्यातून ऑक्सिजनची विषारी संयुगं तयार व्हायला लागतात. प्रवाळाच्या पेशींना इजा होते आणि तो भाडेकरूला घराबाहेर काढतो. शेवाळ गेलं की रंगही जातो आणि आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. यालाच कोरल ब्लीचिंग म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत प्रवाळ विरंजन.

पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही. तो जिवंत असतो, पण उपाशी असतो. पाणी लवकर निवळून थंड झालं तर शेवाळ परत येतं आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत रंगही परततो. नाही झालं तर प्रवाळ उपासमारीने किंवा त्या अशक्तपणात जडलेल्या रोगाने मरतो. म्हणजे पांढरं पडणं आणि मरणं यांच्यामध्ये थोडा वेळ मिळतो. आधी अंदाज बांधण्याचा सगळा फायदा या वेळेपुरताच असतो.

अंदाज बांधतात कसा?

अकोला-वाशीमकडच्या लोकांना हे समजावून सांगायची फारशी गरज नाही. पारा एक दिवस 45 वर गेला तर माणूस कसाबसा निभावतो. पण दहा-बारा दिवस तोच पारा आणि रात्रीही उकाडा, अशी वेळ आली की उष्माघाताचे पेशंट दवाखान्यात यायला लागतात. किती तापलं याच्याइतकंच किती दिवस तापलं हेही महत्त्वाचं.

प्रवाळाचं गणित हेच आहे. प्रत्येक ठिकाणच्या समुद्राचा वर्षातला सर्वात गरम महिना कोणता आणि त्या महिन्याचं नेहमीचं सरासरी तापमान किती, हे आधी काढलं जातं. प्रवाळ त्या पातळीला सरावलेला असतो. पाणी त्या पातळीच्या एक अंश वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. थॉमस गोरो आणि रेमंड हेज या संशोधकांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला या एका अंशाकडे लक्ष वेधलं. पुढे त्यावर ‘नोआ’ने उपग्रहांच्या मदतीने जगभराची इशारा यंत्रणा उभी केली.

या यंत्रणेचं माप म्हणजे ‘डिग्री हीटिंग वीक’. नाव अवघड आहे, हिशेब सोपा. समजा एखाद्या ठिकाणी सर्वात गरम महिन्याची सरासरी 30 अंश आहे. एक आठवडा पाणी 31 अंशांवर राहिलं, तर खात्यात 1 जमा. पुढचा आठवडा 32 अंशांवर गेला, तर आणखी 2 जमा. असे मागच्या 12 आठवड्यांचे आकडे मिळवत जायचे. बेरीज 4 झाली की लक्षात येण्याइतकं ब्लीचिंग होईल असं धरतात. 8 झाली की मोठ्या प्रमाणावर ब्लीचिंग आणि प्रवाळ मरायला सुरुवात.

पूर्वी 8 च्या पुढे वेगळी पातळी नव्हती, कारण तिची गरज पडेल असं वाटलं नव्हतं. 2023 मध्ये अमेरिका खंडाजवळच्या समुद्रांत आकडे इतके वर गेले की तिथले मीटर कमी पडले. मग ‘नोआ’ने तीन नव्या पातळ्या जोडल्या. शेवटची, पाचवी पातळी 20 पासून सुरू होते आणि तिचा अर्थ आहे जवळपास सगळेच प्रवाळ मरण्याचा धोका. चक्रीवादळाच्या यादीत नवा सिग्नल वाढवावा, तसं हे झालं.

‘नोआ’चा नकाशा रोज अपडेट होतो, फुकट पाहता येतो आणि पुढच्या चार महिन्यांचा अंदाजही देतो. भारतात हे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था करते. मालवणच्या मच्छीमारांना हे नाव परिचयाचं असेल, कारण माशांचे थवे कुठे सापडण्याची शक्यता आहे ते सांगणारी सूचना याच संस्थेकडून येते. इन्कॉइसने 2011 मध्ये प्रवाळांसाठी इशारा सेवा सुरू केली. अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छचं आखात आणि मन्नारचं आखात हे तिच्या नजरेखालचे मुख्य भाग.

हे गणित बरोबर येतं का? मोठ्या चित्रात येतं. लक्षद्वीपचं उदाहरण ताजं आहे. ऑक्टोबर 2023 च्या अखेरपासून तिथला समुद्र तापलेला होता. बेरीज 4 च्या वर गेली आणि मे 2024 मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना तिथले टणक प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडलेले आढळले. जगाच्या पातळीवर पाहायचं तर जानेवारी 2023 ते मार्च 2025 या काळात जगातल्या 84 टक्के प्रवाळ क्षेत्राला ब्लीचिंग होण्याइतकी उष्णता सोसावी लागली. 1998, 2010 आणि 2014 ते 2017 या आधीच्या तिन्ही वेळांपेक्षा हा पसारा मोठा आहे.

आख्खं अभयारण्य एका पिक्सेलमध्ये

आता मालवणकडे वळू. इथे गणित अडखळतं.

मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झालं. क्षेत्रफळ 29.12 चौरस किलोमीटर. त्यातला गाभा, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा भाग, जेमतेम 3.18 चौरस किलोमीटर. आता उपग्रहाच्या नकाशातला एक चौकोन साधारण 5 किलोमीटर बाय 5 किलोमीटरचा, म्हणजे 25 चौरस किलोमीटरचा. हिशेब करून बघा. आख्खं अभयारण्य एका चौकोनापेक्षा थोडंसंच मोठं आहे आणि प्रवाळ ज्या गाभ्यात आहेत तो भाग एका चौकोनाचा आठवा हिस्सा.

गावाच्या एका टोकाला पाऊस पडला म्हणून पर्जन्यमापकाने सगळ्या मंडळाची नोंद करावी आणि दुसऱ्या टोकाच्या शेतकऱ्याचा पीक विमा त्यावर ठरावा, तसाच हा प्रकार. त्यातली तक्रार विदर्भाला वेगळी सांगायला नको.

शिवाय उपग्रह मोजतो ते पाण्याचं वरचं आवरण. किनाऱ्याजवळ जमीन आणि पाणी एकाच चौकोनात आलं की मोजमापात गडबड होते. किल्ल्याच्या आडोशाला, ओहोटीला गुडघाभर उरणाऱ्या पाण्यात दुपारी तीन वाजता खरं तापमान काय असतं, हे वरून दिसत नाही. त्यासाठी पाण्यात खाली बसवलेलं, बारा महिने नोंद घेणारं साधं उपकरण लागतं.

दुसरी गोष्ट प्रवाळांच्या स्वभावाची. सुंदर फांद्या असलेले प्रवाळ, जे वॉलपेपरवर दिसतात, ते उष्णतेला सर्वात आधी बळी पडतात. मालवणचे बहुतेक प्रवाळ गोटे, थर किंवा पसरट पानांसारखे वाढणारे आहेत. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ होतं, गोडं पाणी मिसळतं. तरीही हे टिकून राहिले. काही अभ्यासकांना वाटतं की गढूळपणा उन्हापासून सावलीचंही काम करतो. त्यामुळे लक्षद्वीपच्या नितळ पाण्यासाठी बसवलेला 4 आणि 8 चा आकडा मालवणला जशाच्या तसा लागू होईल याची खात्री नाही. कधी इशारा येऊनही काही होणार नाही, तर कधी इशाऱ्याआधीच प्रवाळ पांढरे दिसतील.

पण चिवट आहेत म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणमध्ये पुन्हा पुन्हा झालेलं ब्लीचिंग, प्रवाळांचे रोग आणि त्यातून सावरण्याची कमी होत गेलेली ताकद नोंदवली आहे. 2020 मध्ये याच संस्थेच्या संशोधकांचा आणखी एक पेपर आला. त्याचा विषय होता हौशी स्कुबा डायव्हिंगमुळे मालवणच्या प्रवाळांची होणारी मोडतोड. म्हणजे ताप असलेल्या पेशंटला वरून मारही.

नुसता ताप पुरत नाही, आभाळही बघावं लागतं

तापमानाच्या जोडीला काय काय बघावं लागतं? सर्वात आधी वारा. वारा पडला की समुद्र आरशासारखा स्थिर होतो, खालचं थंड पाणी वर येत नाही आणि वरचा थर तापत जातो. मग ऊन. ढग असतील तर त्याच तापमानाला कमी नुकसान होतं, कारण शेवाळाला बिघडवायला उष्णता आणि प्रकाश दोन्ही लागतात. पाण्याचा गढूळपणा, खारटपणा आणि खतं-सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्यं ही पुढची नावं. आता मशीन लर्निंगची मॉडेल्स हे सगळं एकत्र घेऊन अंदाज सुधारायचा प्रयत्न करतायत. पण मॉडेलला शिकवायला मागच्या ब्लीचिंगच्या नीट नोंदी लागतात. कोणत्या तारखेला, कोणत्या जागी, किती प्रवाळ पांढरे पडले? अशा सलग नोंदी जिथे नाहीत तिथे कितीही हुशार मॉडेल अंधारातच चाचपडतं.

पश्चिम किनाऱ्यावर मात्र या सगळ्यांवर मात करणारा एक घटक आहे. मान्सून.

अरबी समुद्र एप्रिल-मेमध्ये सर्वात जास्त तापतो. जूनमध्ये मान्सून आला की ढग ऊन अडवतात, जोराचा वारा समुद्र घुसळतो, खोलवरचं थंड पाणी वर येतं आणि पृष्ठभाग थंड व्हायला लागतो. म्हणजे मालवणच्या प्रवाळांच्या उन्हाळ्याला शेवटची तारीख मान्सूनच देतो. पाणी मर्यादेच्या दीड अंश वर असेल आणि पाऊस दोन आठवडे लांबला, तर खात्यात एकदम 3 ची भर पडते. चारला धोक्याची घंटा वाजते हे लक्षात घेतलं, तर दोन आठवडे म्हणजे किती हे कळेल.

2023 मध्ये मान्सून केरळात नेहमीच्या 1 जूनऐवजी 8 जूनला पोचला आणि मुंबईत थेट 25 जूनला. 2025 मध्ये उलट झालं. 24 मे रोजी केरळ आणि 26 मे रोजी मुंबई. दोन वर्षांमध्ये मुंबईपुरता एक महिन्याचा फरक. कामरगावचा शेतकरी ज्या तारखेकडे डोळे लावून बसतो, तिच्याकडेच मालवणचं पोवळंही डोळे लावून बसलेलं असतं. फक्त त्याला डोळे नाहीत.

आता याच धाग्याचं दुसरं टोक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, रॉक्सी मॅथ्यू कोल हे शास्त्रज्ञ हिंदी महासागराच्या तापण्याचा बरीच वर्षं अभ्यास करतायत. त्यांच्या गटाने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समुद्रातल्या उष्णलाटा आणि मान्सून यांचं नातं तपासलं. पश्चिम हिंदी महासागरात अशी लाट आली की मध्य भारतातला पाऊस कमी होतो, असं त्यांना दिसलं. मन्नारच्या आखातात मे 2020 च्या उष्णलाटेनंतर 85 टक्के प्रवाळांचं ब्लीचिंग झाल्याचा उल्लेखही त्याच अभ्यासात आहे. विदर्भ मध्य भारताच्या पट्ट्यातच येतो.

एल निनोच्या वर्षात ही दोन्ही टोकं एकत्र ताणली जातात. 2023 हे तसं वर्ष होतं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्यात असतानाचा तो महिना. दोन महिन्यांनी लक्षद्वीपजवळचा समुद्र तापायला लागला आणि पुढच्या मे महिन्यात तिथलं पोवळं पांढरं पडलं.

पुढचं चित्र आणखी कठीण आहे. आयआयटीएमच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासानुसार 1970 ते 2000 या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागरात वर्षाला सरासरी 20 दिवस सागरी उष्णलाटेचे असत. कार्बन उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर या शतकाच्या अखेरपर्यंत ते 220 ते 250 दिवसांवर जातील. वर्षातले आठ महिने तापलेला समुद्र म्हणजे सावरायला उसंतच नाही. लक्षद्वीपमध्ये 1998 पासून लक्ष ठेवून असलेल्या संशोधकांना दोन दशकांत प्रवाळांचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं, त्याचं कारणही हेच. प्रत्येक दणक्यानंतर थोडी वाढ होते आणि ती पूर्ण होण्याआधीच पुढचा दणका बसतो.

इशारा आला, पुढे काय?

समुद्र थंड करणं मालवणच्या कुणाच्याच हातात नाही. मग इशाऱ्याचा उपयोग काय?

2023 च्या जुलैमध्ये फ्लोरिडात किनाऱ्याजवळच्या एका ठिकाणी पाण्याचं तापमान 38.4 अंश नोंदलं गेलं. आपल्याला ताप आल्यावर थर्मामीटरवर दिसतं तेवढं. तिथल्या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांमध्ये हलवले. हा खर्चिक प्रकार आहे आणि मालवणसाठी तो लगेच शक्य दिसत नाही. थायलंडचा मार्ग जास्त जवळचा. तिथे 2016 मध्ये ब्लीचिंग वाढल्यावर सरकारने दहा डाईव्ह साईट्स पर्यटकांसाठी बंद केल्या. कारण सरळ होतं. उपाशी प्रवाळावर पाय पडला, नांगर पडला, वाळू उडाली तर तो सावरत नाही. उष्णता थांबवता येत नसेल तर निदान बाकीचा त्रास थांबवायचा.

मालवणला हेच करणं सर्वात अवघड आहे आणि त्याचं कारण कॅलेंडरमध्ये आहे. समुद्र सर्वात जास्त तापतो एप्रिल-मेमध्ये. शाळांना सुट्ट्या लागतात एप्रिल-मेमध्ये. मे संपता संपता पावसामुळे जलक्रीडा बंद होतात, त्यामुळे स्कुबावाले, बोटवाले, होम-स्टेवाले, खानावळवाले यांची वर्षाची मोठी कमाई याच सहा-सात आठवड्यांत होते. धोक्याचा महिना आणि धंद्याचा महिना एकच. इथल्या मच्छीमारांचा अभयारण्यालाच सुरुवातीपासून विरोध राहिला आहे, कारण नियम आले की आपली रोजीरोटी जाईल ही भीती. त्या वातावरणात मे महिन्यात कुणी अचानक येऊन ‘उद्यापासून बंद’ म्हणालं तर काय होईल, याची कल्पना करता येते.

म्हणून बंदी हा एकच पर्याय समोर ठेवणं चुकीचं ठरेल. इशाऱ्याच्या पातळीनुसार आधीच ठरलेले नियम असू शकतात. बेरीज 2 च्या पुढे गेली की नवशिक्यांना प्रवाळ नसलेल्या जागी उतरवायचं. 4 झाली की गाभ्यात नांगर टाकायला मनाई, बोटी कायमच्या बोयांना बांधायच्या. 8 झाली तर गाभा बंद आणि त्या दिवसांची भरपाई कुणी, किती द्यायची हे हंगामाआधी, डिसेंबरमध्ये, कागदावर ठरलेलं. यातले आकडे वर-खाली होतील, ते शास्त्रज्ञांनी ठरवावेत. पण चार महिन्यांचा अंदाज जानेवारीत हातात येत असेल तर तेव्हाच डाईव्ह सेंटर, मच्छीमार सोसायट्या आणि वनविभाग एका टेबलावर बसू शकतात.

नोंदींचा प्रश्नही याच लोकांकडून सुटू शकतो. हंगामात रोज पाण्यात उतरणारे मालवण-तारकर्लीचे डाईव्ह इन्स्ट्रक्टर त्या प्रवाळांना नावानिशी ओळखतात म्हटलं तरी चालेल. उपग्रहाच्या एका चौकोनात जे दिसत नाही ते त्यांना दिसतं. तापमान मोजणारं छोटं उपकरण खडकाला बांधायचं आणि त्याच दगडाचा त्याच कोनातून दर आठवड्याला फोटो काढायचा, एवढ्यानेही दोन-तीन वर्षांत मालवणचा स्वतःचा आकडा हाती येईल. तो कदाचित 4 नसेल. 3 असेल किंवा 6.

मालवणच्या पश्चिमेला खोल समुद्रात आणखी एक प्रवाळ क्षेत्र आहे. विजयदुर्गपासून साधारण 105 किलोमीटरवरचा आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. पाण्याखाली सुमारे 20 मीटरवर असलेलं ते पठार किनाऱ्यावरच्या गाळापासून आणि गर्दीपासून लांब आहे. समुद्राचा ताप मात्र तिथेही पोचतो. तिथे रोज उतरून बघणारं कुणी नाही, त्यामुळे तिथल्या प्रवाळांसाठी सध्या तरी उपग्रहाचा तो चौकोनच काय ते सांगतो.